कुंकवाचं ताट

अक्कलकोटहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ही कल्पना मांडणारे प्रमोद झिंजाडे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. आम्हालाही हुरूप आला. त्यानंतरच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला विधवा सभासदांनाही बोलावलं.

कुंकवाचं बोट कपाळाशी येताच एका आजींनी मान मागं घेतली. "मला नको गं." लगेच मागं कुजबुज, "अजून जुन्यातच आहेत." कालपर्यंत कुंकू लावणाऱ्या विधवेला नावं ठेवणाऱ्या आम्हीच, आता न लावणारीला ठेवत होतो!

पुढच्या बैठकीत आम्ही डॉ. रखमाबाईंची गोष्ट काढली. जन्म 1864 चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. 1884 साली दादाजींनी दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण 1887 ला कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करला. केसरीसारख्या वर्तमानपत्रानंही त्यांच्यावर झोड उठवली. शेवटी 1888 ला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी बायकांवर कितीतरी वर्षं उपचार केले.

आणि 1904 साली दादाजी वारले, तेव्हा याच रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या.

इथं आमच्यात वादच पेटला. ज्याला नवरा मानलं नाही, त्याच्यासाठी पांढरं? एक म्हणाली, लोकांना भ्यायल्या असतील. दुसरी म्हणाली, तुरुंगाला न भ्यालेली बाई लोकांना कशाला भिईल? आजी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "तिचं तिला ठाऊक. तुम्ही कोण विचारणार?"

आम्हाला ते पटलं. नांदायला न जाणं जसं त्यांचं, तसं ते लुगडंही त्यांचंच.

पुढच्या संक्रांतीला आम्ही कुणाच्याच कपाळाला बोट लावलं नाही. हळदीकुंकवाचं ताट मधोमध ठेवलं, जिला हवं तिनं आपल्या हातानं लावलं. आजींनी फक्त तिळगूळ घेतला आणि वाणाची वाटी पिशवीत टाकली.