सामाईक टाकी

अँटॉप हिलला आमच्या इमारतीच्या गच्चीवर एकच टाकी होती. खालच्यांनी नळ मोकळे सोडले, की वर अम्मीची घागर कोरडी.

पुण्यात जन्मलेले विनोद खोसला ज्या ‘सन मायक्रोसिस्टिम्स’चे एक संस्थापक, तिथे जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये सर्व्हरसाठी ‘झेडएफएस’ ही फाइलव्यवस्था रचायला घेतली. २००५ मध्ये ती खुली झाली. पूर्वी एक डिस्क तुडुंब भरे, शेजारची रिकामी राही. यांनी सगळ्यांचा एकच साठा केला. त्यातून कोणी किती घ्यावे याचा कोटा बांधता येतो, एखाद्याचा वाटा राखूनही ठेवता येतो. वरचेवर लागणारी माहिती ही व्यवस्था मेमरीत धरून ठेवते. तिथेही कमाल मर्यादा घालावी, नाहीतर त्याच सर्व्हरवरची इतर कामे तहानलेली राहतात.

साठा सर्वांचा, हे म्हणणे सोपे. वरच्या मजल्याचा वाटा आधी राखला, तरच ते खरे.