विटांची धावपट्टी

बर्लिनला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना टेम्पलहोफच्या मैदानावर नेतोच. २००८ साली विमानतळ बंद झाला आणि २०१० पासून तिथे लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. एकदा आई आली होती. धावपट्टीवर दहा पावलं चालून थांबली आणि म्हणाली, "खाली खडी कुठली रे? इथं तर डोंगर न्हाई."

प्रश्न अगदी बरोबर! बर्लिन वसलंय वाळूवर. २४ जून १९४८ रोजी सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली आणि पिठापासून कोळशापर्यंत सगळं विमानाने येऊ लागलं. टेम्पलहोफला अमेरिकनांनी अंथरलेली भोकांच्या लोखंडी पत्र्यांची धावपट्टी होती. दहा टन माल घेऊन विमानं उतरत आणि पत्रे वाकत. मग दोन विमानांच्या मधल्या वेळात मजूर वाळू घेऊन धावत.

पक्क्या धावपट्ट्या हव्या होत्या, पण खडी आणायची कुठून? उत्तर गावातच पडलं होतं: बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांच्या विटा. त्यांचा चुरा करून रोलरने दाबायचा, वर डांबर. डांबराची पिंपं विमानाने आली. अवजड यंत्रं तर कापून, तुकड्यांनी आणून इथे पुन्हा जोडली! तेगेलच्या २,४०० मीटरहून लांब धावपट्टीचं काम ५ ऑगस्टला सुरू झालं आणि ५ नोव्हेंबरला, आपल्याकडची दिवाळी नुकतीच आटोपलेली असताना, तिथे पहिलं विमान उतरलं. हजारो बर्लिनकर तीन पाळ्यांत राबले, त्यांत जवळजवळ निम्म्या बायका. मजुरी आणि वर एक वेळचं गरम जेवण.

"आमाला सुकडी मिळायची," आई म्हणाली.

१९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मला ठाऊक होतं, पण त्याबद्दल मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. त्याच रस्त्यावरून एस.टी.ने मी कॉलेजला गेलो, पुढे जर्मनीला आलो.

आई वाकली, डांबरावरून हात फिरवला. म्हणाली, "आमी डोंगर फोडला बाबा. ह्या बायांनी आपलीच घरं फोडली."

तेगेलही २०२० मध्ये बंद झाला. आमच्या गावच्या रस्त्यावर डांबराचे कितीतरी थर चढले. खालची खडी मात्र तीच आहे.