लेखनाची पोच

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम (एनएफएस) जगापुढे आणली, तेव्हा कोणत्या क्लायंटने कोणती फाइल उघडली आहे याची नोंद तिचा सर्व्हर मुद्दामच ठेवत नसे. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंट तीच विनंती परत परत पाठवी आणि अडलेले काम पुढे सरके. या सोयीची किंमत लेखनात मोजावी लागली. पोच मिळताच क्लायंट आपली प्रत सोडून देणार, म्हणून डेटा डिस्कवर उतरल्याशिवाय पोच द्यायची नाही, असा दंडक होता. दुसऱ्या आवृत्तीत एका विनंतीत ८ किलोबाइटच मावत. म्हणजे १ मेगाबाइटच्या फाइलीला १२८ विनंत्या, आणि दर विनंतीला आधी डेटा, मग आयनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद), फाइल मोठी असेल तर तिच्या ब्लॉकांचे पत्ते ठेवणारा इनडायरेक्ट ब्लॉकही, अशी डिस्कच्या मुंडीची धावपळ. एनएफएस रडतखडत लिहिते ही तक्रार तेव्हापासूनची. पण हा संथपणा ढिसाळ रचनेतून आलेला नव्हता; दिलेला शब्द पाळण्याचा तो खर्च होता. पुढे ज्या सुधारणा टिकल्या, त्यांनी शब्द न मोडता हा खर्च उतरवला. प्रेस्टोसर्व्ह कार्डाने बॅटरीवर तगणारी मेमरी दिली. शेजारशेजारच्या विनंत्या गोळा करून आयनोड एकदाच लिहिण्याची युक्ती चेट जुश्चाक यांनी १९९४ मध्ये मांडली. जून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने तर जबाबदारीच वाटून घेतली: सर्व्हरने कच्ची पोच लगेच द्यावी, क्लायंटने ‘कमिट’ होईपर्यंत प्रत जपावी, आणि सर्व्हर मध्येच कोसळला तर पोचेसोबत येणाऱ्या, सर्व्हर नव्याने सुरू झाला की बदलणाऱ्या व्हेरिफायर या खुणेवरून ते ओळखून सगळे पुन्हा पाठवावे.

लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमधल्या ‘एसिंक’ या पर्यायाची वाट वेगळी. तिथे डेटा मेमरीत असतानाच सर्व्हर पक्की पोच देऊन मोकळा होतो. यूपीएस असताना भीती कसली, आणि स्थानिक डिस्कवरचे लेखनही आधी मेमरीतच थांबते ना, असे त्याचे समर्थक म्हणतात. पहिला मुद्दा कर्नल कोसळल्यावर निकामी ठरतो. दुसरा अधिक वजनदार आहे, पण स्थानिक यंत्र पडले की त्यावरचा प्रोग्रॅमही पडतो, निदान काही बिघडल्याचे कळते. इथे सर्व्हर उठून उभा राहतो आणि क्लायंटवरचा प्रोग्रॅम गहाळ डेटाच्या भरवशावर पुढे चालतो. पुन्हा तयार करता येईल अशा तात्पुरत्या फाइलींपुरता एसिंक चालेल. लिनक्सवरच्या एनएफएस-युटिल्स या साधनसंचाच्या १.०.० आवृत्तीपर्यंत मात्र तो न मागताच लागू होता. त्यानंतर, डेटा डिस्कवर उतरल्यावरच पोच देणारा ‘सिंक’ हा न सांगता लागू होणारा पर्याय ठरला, आणि दोहोंपैकी काहीच लिहिले नसेल तर त्यातली एक्स्पोर्टएफएस ही आज्ञा इशारा देऊ लागली.