खंडेनवमीची रात्र आणि गच्चीवरचा डोंगल

खिशात हात घालू नका. तुमचा आजचा फोन इथे नाही. इथे तारीख आहे ५ ऑक्टोबर २०११, वार बुधवार, तिथी खंडेनवमीची, आणि नगर शहराच्या कडेला, केडगावात, भूषणनगरच्या बाजूला तुमच्या गल्लीतली लाइट जाऊन पंधरा मिनिटं झालीत. घटापुढचा अखंड दिवा आणि मांडीवरच्या लॅपटॉपचा पडदा, एवढाच घरातला उजेड. सकाळी विळी, कात्री आणि दिराचा पान्यांचा संच यांच्या शेजारी पाटावर हा लॅपटॉपही मांडला होता. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसताहेत. त्याच्या कडेला खोचलेल्या बोटभर पांढऱ्या डोंगलवरही सासूबाईंनी झेंडूचं फूल ठेवलं होतं. "काम करतंय ना ते? मग त्याची पण पूजा," असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागल्या.

तुम्ही घरी बसून डीटीपी करता. दिवाळी २६ तारखेला आहे, म्हणजे दिवाळी अंकांच्या कामाची आता शेवटची धावपळ. पुण्याच्या छापखान्याला तिसरा फर्मा, पूर्ण सोळा पानं, उद्या सकाळी सातच्या आत हवाय. दसऱ्याला मशीनची पूजा करून तिथली माणसं लगेच छपाईला लागणार. पेजमेकरमधली पानं पक्की झालीत, चित्रं ३०० डीपीआयची आहेत, पीडीएफ तयार आहे. तिचं वजन ३६ एमबी.

डोंगल येण्याआधी हे काम कसं व्हायचं, ते तुमचं शरीर विसरलेलं नाही. सीडी जाळायची, ती दुसऱ्या मशीनवर उघडते का बघायची, मग रिक्षानं स्वस्तिक चौकातल्या पुणे बसस्थानकावर जायचं आणि ओळखीचा कंडक्टर गाठून पाकीट त्याच्या हातात द्यायचं. पुढचे सुमारे १२० किलोमीटर ती सीडी एसटीच्या भरवशावर. एखादा फाँट पीडीएफमध्ये बसला नसेल तर तिकडून फोन यायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर सायबर कॅफे. तिथे रात्री नऊनंतर बसणं तुमच्या घरी चालण्यासारखं नव्हतं, आणि तुमचं काम तर मुलगा झोपल्यावर, रात्री नऊनंतरच सुरू व्हायचं.

लँडलाइनवरचं ब्रॉडबँड? बीएसएनएलनं ते २००५ साली सुरू केलं आणि नगरात अनेकांकडे ते आहे. पण तुम्ही भाड्यानं राहता. अकरा महिन्यांचा करार, त्यात तारेचं कनेक्शन घ्यायचं, मग घर बदललं की पुन्हा अर्ज, पुन्हा लाइनमनची वाट. शिवाय लाइट गेली की त्याचा मोडेमही बंद. डोंगलला यातलं काहीच लागत नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो आणि हजार-दीड हजाराच्या आसपास रक्कम दिली की झालं. दुकानाच्या काउंटरवर टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट, आयडिया नेटसेटर अशी खोकी रचलेली असतात. आतलं यंत्र बहुतेक वेळा हुवावे किंवा झेडटीई या चिनी कंपन्यांचंच.

आता डोंगल काढा आणि पुन्हा खोचा. लॅपटॉपला आधी वाटतं, कुणीतरी सीडी ड्राइव्ह जोडलाय. यात चूक नाही, ही रचनाच तशी आहे. डोंगलच्या पोटातल्या मेमरीत त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. तो आधी सीडी बनून ते पुढे करतो आणि मग रूप बदलून मोडेम होतो. त्यामुळे वेगळी सीडी शोधावी लागत नाही. खिडकी उघडली, 'कनेक्ट'वर बोट दाबलं, की आतून एक नंबर फिरवला जातो: #७७७. तुमचा डोंगल सीडीएमएचा आहे; जीएसएमचा असता तर *९९# फिरला असता. म्हणजे हे चिमुकलं यंत्र अजूनही जुन्या टेलिफोन मोडेमच्याच रीतीनं फोन लावतं, फक्त पलीकडे घंटी वाजत नाही. हिरवा दिवा दोनदा लुकलुकतो आणि स्थिर होतो. रेंजच्या सीमारेषेवरच्या एखाद्या घरात ही स्थिरता किती दिलासा देते, ते तुम्हाला आत्ता छातीत जाणवतंय.

पण खिडकीत लिहून येतं '१एक्स'. ईव्हीडीओ नाही.

हा फरक तुम्हाला पाठ आहे. ईव्हीडीओ लागलं तर कागदावर खाली उतरणारा वेग सेकंदाला ३.१ मेगाबिटपर्यंत आणि वर चढणारा १.८ पर्यंत. १एक्सवर सगळा मामला १५३ किलोबिटचा, तोही कागदावरच. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २५६ लागतात, त्यामुळे हे ब्रॉडबँड नव्हेच. प्रत्यक्षात हाताला ८० आले तर नशीब. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आणि मेलमधून जाताना फाइल तिसऱ्या हिश्श्यानं फुगते, म्हणून तुम्ही पीडीएफचे बारा-बारा एमबीचे तीन तुकडे केलेत. ८० किलोबिटनं एक तुकडा चढायला वीस मिनिटं. तिन्ही मिळून तास, तेही मध्ये तार तुटली नाही तर. तुटली की तो तुकडा पहिल्यापासून. लॅपटॉपची बॅटरी दीड तासाची उरलीय.

उठा, गच्चीवर चला. कपाटातली यूएसबीची लांब वायर घ्या. पाच मीटरच्या पुढे ती कामाची नाही, हे नियमातच आहे. आणि जाता जाता स्वयंपाकघरातली स्टीलची परातही उचला.

घरात रेंज का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. तुमचा डोंगल ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. त्याची लहर फुटापेक्षा थोडी जास्त लांब असते. नव्या थ्रीजीची, २१०० मेगाहर्ट्झची, लहर असते वीतभरापेक्षाही कमी. लांब लहर विटांची भिंत बऱ्यापैकी ओलांडते आणि दूरवर जाते, म्हणून शहराच्या कडेला राहणाऱ्यांना ८०० चा मोठा आधार. पण तुमच्या डोक्यावर लोखंडी सळ्यांचा स्लॅब आहे आणि खिडक्यांना जाळ्या. धातूपुढे तिचंही चालत नाही. गच्चीवर मात्र टॉवरचा लाल दिवा सरळ समोर दिसतो. कपडे वाळत घालायच्या दोरीला डोंगल चिमट्यानं अडकवा. त्याच्या मागे चार-पाच बोटं अंतर ठेवून परात उभी करा. हे अंतर साधारण लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढं आहे, त्यामुळे परातीवरून परतलेली लहर समोरून येणाऱ्या लहरीला बळ देते. परात अर्धी वीत इकडेतिकडे सरकवत बघा. दोन दांड्या होत्या, तीन झाल्या.

वाऱ्यावर देवीच्या आरतीचा आवाज येतोय. केडगावच्या रेणुकामातेच्या देवळाकडे आज सबंध नगर लोटलंय, आणि खरी अडचण तीच आहे. त्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सीडीएमएमध्ये सगळे एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात, प्रत्येकाचा सांकेतिक क्रम तेवढा वेगळा. बोलणारे वाढले की टॉवरच्या कानाला गोंगाट वाढतो आणि लांबून येणारा क्षीण आवाज त्यात बुडतो. गर्दी झाली की टॉवरचा घेर आक्रसतो, ओसरली की पुन्हा पसरतो. तुमचं घर घेराच्या काठावर आहे. त्यात तुम्हाला फाइल वर पाठवायचीय, म्हणजे टॉवरनं तुमचं ऐकायला हवं. खाली उतरवणाऱ्यांपेक्षा तुमची अडचण मोठी.

मग घाई सोडा. लॅपटॉप झाकून ठेवा, मुलाला झोपवा, उद्याच्या पुरणाची डाळ निवडा. विंडोजचं आपोआप अपडेट बंद आहे ना, अँटीव्हायरसचंही, ते पुन्हा एकदा बघा. महिन्याच्या एका जीबीतले शंभर एमबी असे न विचारता गेले की दोन फर्म्यांचा डेटा संपतो. ब्राउझरमधली चित्रं तुम्ही कधीच बंद केलीत. मेलची साधी, नुसत्या अक्षरांची मांडणी लावलीय.

या यंत्राची भलामण करताना दुकानदार प्रवासाचं सांगतो: रेल्वेत चालेल, गाडीत चालेल, पुण्या-मुंबईला न्या. तुमच्याकडे आल्यापासून ते खोलीतून गच्चीवर आणि गच्चीवरून खोलीत, एवढंच फिरलंय. तरी त्यानं जे केलं ते मोठं आहे, आणि मला ते ठासून सांगायचंय. ज्यांना घराबाहेर पडता येत होतं त्यांच्या सोयीत त्यानं थोडी भर घातली. ज्यांना पडता येत नव्हतं त्यांच्या दारात त्यानं काम आणून ठेवलं. लहान मूल, आजारी माणूस, रात्रीची वेळ, भाड्याचं घर, भारनियमन, या साऱ्यांतून वाट काढत नगरच्या कडेला राहणारी एक बाई सदाशिव पेठेतल्या छापखान्याशी थेट व्यवहार करू लागली. मधला दलाल गेला, पानामागचे पैसे पूर्ण तिच्या हातात येऊ लागले. वेगाचे आकडे मोजणाऱ्यांच्या हिशेबात हे कधी आलं नाही.

रात्री साडेअकराला लाइट येते. लॅपटॉप चार्जिंगला लावा. दीड वाजता पुन्हा गच्चीवर.

देवळाकडचा आवाज थांबलाय. पुणे रस्त्यावर फक्त ट्रक. पहाटे चारनंतर नगरहून बायका पायी देवीला यायला लागतील आणि टॉवर पुन्हा भरेल. तुमच्या हातात मधले दोन-अडीच तास आहेत. कनेक्ट. खिडकीत या वेळी लिहून येतं 'ईव्हीडीओ'. वर चढणारा वेग ४०० च्या आसपास. पहिला तुकडा चार मिनिटांत गेला. दुसरा ऐंशी टक्क्यांवर असताना डोंगल तापून जोडणी तुटते. त्याला काढून पदराच्या टोकानं धरा, थोडा गार होऊ द्या, पुन्हा खोचा. परत पहिल्यापासून. गेला. तिसराही गेला. दोन वाजून वीस मिनिटं.

छापखान्यातले काका सव्वासहाला फोन करतात. "ताई, तिन्ही तुकडे जुळले, फाँट नीट आलेत. सोनं घ्यायला दिवाळीनंतर या." तुम्ही पोच बघायला मेल उघडता तर बातम्यांच्या पानावर एकच मथळा: स्टीव्ह जॉब्स गेले. वय ५६. चित्रं बंद असल्यामुळे चेहऱ्याच्या जागी रिकामी चौकट. त्याखाली कालची दिल्लीची बातमी: कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट आणलाय, किंमत ३५ डॉलरच्या घरात. दीर खांद्यावरून वाचतो. "वहिनी, यात सिम बसतं का?" बसत नाही, तो वायफायवर चालतो. मग केडगावातल्या पोरांनी वायफाय कुठून आणायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न. सबंध बातमीत त्याचं उत्तर नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ येईल, फोनच डोंगलचं काम करू लागेल. सीडीएमएचे टॉवर एकेक करून गप्प होतील. १ जुलै २०१९ ला टाटाचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन होईल. #७७७ फिरवलं तर ऐकायला कुणी नसेल. पण हे आत्ता घरात कुणाला सांगू नका. डोंगलचे पैसे अजून फिटायचेत, आणि काकांचा दुसरा फोन येतोय.

"ताई, पान ४१ वरची जाहिरात बदललीय. पेढीवाल्यांनी नवा पत्ता दिलाय. तेवढं एकच पान पाठवता का? मशीनची पूजा नऊला आहे."

एक पान, दोन एमबी. देवीच्या रस्त्यावर गर्दी आहे, म्हणजे १एक्सच मिळणार. तीन-चार मिनिटांचं काम. महिन्याच्या डेट्यात अजून १४० एमबी शिल्लक आहेत. सासूबाईंना म्हणा, "आई, पुरण जरा ढवळता का, मी आलेच," आणि परात घेऊन गच्चीवर जा.