चार सूत

मामा कुणालाही असावा, पण मामाला मोटरबोट असू नये, या मतावर मी गेल्या वर्षी आलो.

आमचे मामा रेवदंड्याचे. त्यांच्या लाकडी बोटीत दोन सिलिंडरचं विलायती डिझेल इंजिन आहे. ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. बोट मात्र तरंगते आहे! पण समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप फुटला आणि मामेभावाने गुपचूप भंगारवाल्याला बोटीचा भाव विचारला. मामांना कळलं. दोन दिवस ते जेवणाव्यतिरिक्त तोंड उघडेनात. तिसऱ्या दिवशी फुटका पंप पिशवीत घालून माझ्याकडे मुंबईला रवाना केला. सोबत चिठ्ठी : 'अस्साच आण. बोल्ट चार सुती.'

आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा, एवढं गणित मला येतं. पण नव्या दुकानातला बारा मिलिमीटरचा नट त्या बोल्टवर चढेना. त्याचं कारण थेट 1841 सालात निघालं. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने आट्यांचं माप ठरवून दिलं : उतार 55 अंशांचा, अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचामागे 12 आटे. अमेरिकनांनी उतार केला 60 अंश आणि आटे 13. (साहेबापेक्षा एक जास्त हवाच!) दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रं एकमेकांची यंत्रं दुरुस्त करायला बसली तेव्हा या एका आट्याने असा घोळ घातला, की 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांना आट्यांचा चक्क करार करावा लागला. आपल्याकडे 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. शेर-मणांनी तो निमूट मानला. मामांच्या इंजिनाला मात्र कुणी कळवलंच नाही.

शेवटी रे रोडला उतरून दारूखाना गाठला. नावावर जाऊ नका, ही दारू तोफेची. इथे जहाजं मोडतात. 1983 पासून गुजरातेत अलंगला मोठा बाजार बसला, तरी आपली जुनी विक्रांत 2014 साली इथेच मोडायला घेतली. गंमत म्हणजे विक्रांतही मूळची इंग्रजांनी अर्धवट टाकलेली. 1957 साली घेऊन आपण ती पुरी करवली. म्हणजे जुनं घेऊन चालवायचा मामांचा नाद तसा सरकारमान्यच.

एका गाळ्यातल्या चाचांनी बोल्टच्या आट्यांवरून नख फिरवलं. "बिटवर्थ. चार सूत." मागच्या ढिगातून एका लाइफबोटीचा पंप काढला. थेट जुळा भाऊ!

"चालेल ना?" मी विचारलं.

"साब, डूबनेवालों के लिए बना है. चलनाही पडेगा."

पंप काट्यावर चढला. गनमेटलच्या भावाने, वजनावर. आमचा फुटका त्यांनी वजनातच वळता करून घेतला. मी खूश!

रेवदंड्याला पंप बसला, चौथ्या हँडलला इंजिन धडधडलं, कुशीतून पाण्याची पिचकारी उडाली. सगळ्यांच्या आधी बोटीत चढला तो मामेभाऊ. मामांनी हात पुसले आणि विचारलं, "जुना पंप कुठाय?"

मी वजनाचं सांगितलं.

"त्याचं झाकण शाबूत होतं," मामा म्हणाले. "उद्या पहिल्या एसटीने जा."