गुस-ख्रुस्ताल्नी

रशियाच्या व्लादिमीर प्रांतातील काचउद्योगासाठी प्रसिद्ध असलेले शहर. लोकसंख्या सुमारे ६०,००० (२०१०). व्लादिमीर शहराच्या दक्षिणेस सुमारे ६० किमी. अंतरावर, ओका नदीला मिळणाऱ्या गुस नदीकाठी ते वसले आहे.

काचेच्या भट्ट्यांना प्रचंड लाकूड लागे. मॉस्कोभोवतीची जंगले वाचवण्यासाठी १७४७ मध्ये शहरापासून २०० व्हर्स्टच्या (सुमारे २१३ किमी.) आतील काचकारखान्यांवर बंदी आली. माल्त्सोव्ह या व्यापारी घराण्याने आपला उद्योग पूर्वेकडे हलवला आणि १७५६ मध्ये अकीम माल्त्सोव्ह यांनी येथे कारखाना काढला. वाळू, लाकूड आणि पाणी जवळच मिळत असल्याने भट्टीभोवती गाव वाढत गेले.

तेहरानमधील रशियन दूतावासावर १८२९ मध्ये झालेल्या हल्ल्यातून बचावलेले मुत्सद्दी इव्हान माल्त्सोव्ह यांनी बोहेमियाच्या धर्तीवर पैलूदार स्फटिककाचेचे उत्पादन वाढवले. त्यांचे भाचे व वारस यूरी नेचायेव्ह-माल्त्सोव्ह यांनी कामगारांसाठी लाल विटांची घरे उभारली. लिओंती बेन्वा यांच्या आराखड्यानुसार सेंट जॉर्ज कॅथीड्रलही त्यांनीच बांधवले. त्यातील चित्रकाम विक्टर वास्नेत्सोव्ह यांचे आहे. मॉस्कोच्या आजच्या पुश्किन ललितकला संग्रहालयाच्या उभारणीत सर्वांत मोठा आर्थिक वाटा नेचायेव्ह-माल्त्सोव्ह यांचाच होता. त्या संगमरवरी वास्तूत गुसच्या भट्टीकामगारांची मेहनत आहे, याची नोंद घ्यायलाच हवी.

स्फटिककाचेसाठी वाळू व पोटॅशमध्ये शिशाचे ऑक्साइड मिसळतात. त्यामुळे काच जड व चमकदार होते आणि तिच्यावर पैलू पाडणे सोपे जाते. कारागीर पोकळ नळीच्या टोकावर तापलेला रस घेऊन फुंकतो, नळी सतत फिरवत त्याला साच्यात आकार देतो. मंद गतीने थंड झालेली वस्तू फिरत्या चाकावर धरून चांदण्या व जाळीची नक्षी कोरली जाते. शेवटी आम्लात बुडवून तिला झिलई देतात. भट्टीची धग, काचेची धूळ आणि आम्लाच्या वाफा सोसून हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

१९१७ च्या क्रांतीनंतर कारखाना सरकारी मालकीचा झाला. १९३१ मध्ये वस्तीला शहराचा दर्जा मिळाला. घराघरांत पोहोचलेला सोव्हिएत कंगोरेदार पेला १९४३ मध्ये प्रथम येथेच तयार झाला, असे परंपरेने मानतात. सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये १९८३ पासून स्फटिककाचेचे संग्रहालय आहे.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर मागणी घटली. १९९० च्या दशकात पगाराऐवजी हाती पडलेले पेले व फुलदाण्या कामगारांना रस्त्याकडेला मांडून विकाव्या लागल्या. सारे शहर एकाच उद्योगाच्या आधारावर उभे राहिल्याची ही किंमत होती. २०१२ मध्ये मूळ कारखाना बंद पडला आणि २०१३ मध्ये लहान प्रमाणावर उत्पादन पुन्हा सुरू झाले.