आंत्रपुच्छातील दुर्मीळ विकृती

लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी, पोटाच्या उजव्या बाजूला खाली लोंबणारी बोटभर लांबीची नळी म्हणजे आंत्रपुच्छ, बोलण्यातले अपेंडिक्स. ते सुजले की काढतात आणि तपासणीत बहुधा साधा दाहच निघतो. क्वचित मात्र भलतेच काही सापडते.

कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांचे सीपीआर, असो की एखादे खासगी इस्पितळ, काढलेल्या आंत्रपुच्छाची वाट एकच: फॉर्मालिनची डबी. खासगीत पुष्कळदा ती डबी चिठ्ठीसकट नातेवाइकाच्याच हाती देतात. प्रयोगशाळेत टोक उभे चिरतात, मधल्या भागाच्या आडव्या चकत्या घेतात, त्या मेणात बसवून ३-४ मायक्रॉन जाडीचे काप रंगवतात.

टोकाचे इतके कौतुक उगाच नाही. कार्सिनॉइड नावाची गाठ बहुधा तिथेच असते. फॉर्मालिनमध्ये ती पिवळसर दिसते. ती १ सेंटिमीटरहून लहान असेल, तर झालेली शस्त्रक्रिया सहसा पुरते. २ सेंटिमीटरहून मोठी निघाली, तर उजवीकडचे मोठे आतडेही काढण्याचा सल्ला देतात.

बुळबुळीत स्रावाने फुगलेले आंत्रपुच्छ याहून फसवे. त्यातली अर्बुदे सौम्य दिसतात, पण फुटली तर पोटभर जेलीसारखा द्रव साचत जातो. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९९३ साली आंत्रपुच्छातून उद्भवलेल्या अशाच दुर्मीळ कर्करोगाने गेली.

जंतांची तऱ्हा वेगळी. आडव्या कापात सूतकृमीच्या दोन्ही बाजूंना काट्यासारखे टोकदार उंचवटे दिसतात, त्यावरून तो ओळखू येतो. गंमत म्हणजे भोवती दाहाचा पत्ता नसतो. पोट मात्र दुखलेले असते. अशा वेळी जंताचे औषध घरातल्या सर्वांनाच द्यावे लागते. क्षयाच्या गाठी निघाल्या, तर काही महिने क्षयाची औषधे चालतात. स्त्रियांत कधी गर्भाशयाचे अस्तरही इथे रुजलेले आढळते.

आफ्रिकेत आंत्रपुच्छात शिस्टोसोमा कृमीची अंडी सापडतात. भारतात हा रोग जवळपास नाहीच. मूत्रमार्गातील शिस्टोसोमाचे एक ठिकाण १९५२ साली नोंदले गेले ते घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात.

नोंद झालेली पहिली आंत्रपुच्छ-शस्त्रक्रियाही अशीच चमत्कारिक होती. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला, तर त्यात आंत्रपुच्छ आणि त्यात रुतलेली टाचणी! मुलगा बरा झाला.

यातले बरेचसे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नमुना साधा वाटला तरी तपासणीला पाठवावा, आणि टाके काढायला जाताना अहवाल आठवणीने मागून घ्यावा.